निपाणी, भाजी कसली?

देशाच्या संरक्षणाची सुरुवात भाजीच्या चौकशीनं होते, हे मला कुठल्याही कॉलेजात शिकवलं नव्हतं. ते अण्णांनी शिकवलं.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या त्या कंपनीत पहिल्या दिवशी मी कंट्रोल रूमचं दार ढकललं, तेव्हा पडद्यांच्या भिंतीसमोर एक आडव्या अंगाचे गृहस्थ फिरत्या खुर्चीत चक्क मांडी घालून बसले होते. चपला खाली, कानाला हेडफोन, कपाळावर गंधाचा ठिपका. आणि घसा फोडून ओरडत होते, "निपाणी! ए निपाणी! आज भाजी कसली?"

भिंतीवरच्या स्पीकरमधून आवाज आला, "दोडक्याची, अण्णा."

"कागल?"

"भाजी न्हाय अण्णा. आमटी-भातच हाय."

"असू दे. करा सुरू."

आणि युद्ध सुरू झालं. मी आले होते हैदराबादच्या काचेच्या इमारतीतून. तिथं चाचणीच्या आधी एक बाई हळू आवाजात इंग्रजीत सूचना वाचायच्या आणि सगळे माना हलवायचे. मला वाटलं, आपण चुकून कँटीनमध्ये शिरलो.

आमचं काम सांगायला सोपं आहे. फौजेसाठी रडार एका गावात बनतं, क्षेपणास्त्राचा मेंदू दुसऱ्या गावात, आणि हुकूम देणारी खोली तिसरीकडे. ही सगळी मंडळी एकमेकांशी नीट बोलतात का, हे बघायचं तर दर वेळी सगळं उचलून एका मैदानावर न्यायचं कुणाला परवडणार? मग ज्यानं त्यानं आपापल्या जागी बसायचं, मधून तारा टाकायच्या, आणि आपण एकाच रणांगणावर आहोत असं सोंग आणायचं. कागलला बसलेला आमचा माणूस कंप्युटरवर शत्रूचं विमान उडवायचा. निपाणीचं रडार ते बघायचं. बेळगावला आम्ही ठरवायचो, पाडायचं की नाही. विमान खोटं, क्षेपणास्त्र खोटं, शत्रूसुद्धा खोटा. यात खरी वस्तू एकच, मधली तार. आणि त्या तारेचे धनी अण्णा.

भाजीचं कारण मी आठवड्याभरात धीर करून विचारलं. अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना सूर्य कुठल्या बाजूला उगवतो ते विचारलं.

"ओके म्हणाय काय लागतंय गं? यंत्रबी म्हणतंय ओके. हिरवा दिवा तर मेलेल्या मशीनवरबी जळतोय. भाजी कसली ते सांगाय जिता माणूस लागतोय. आन् रोज निराळी लागती."

"आणि रोज एकच भाजी असली तर?"

"मग त्येच्या घरात कायतरी बिनसलंय. ते बी कळाय पायजे की आपल्याला."

अण्णा बोरगावचे. जैन शेतकऱ्याचं घर, ऊस, थोडी तंबाखू, दारात म्हशी. त्यात हे एकटे इंजिनियर निघाले आणि अर्धं आयुष्य टेलिफोनच्या तारा ओढण्यात घालवून निवृत्तीनंतर आमच्या कंपनीत आले. वर्षाच्या मुदतीवर होते, दर वर्षी मुदत वाढायची. कंपनीत शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना अण्णाच म्हणायचे. गावात मात्र त्यांची कीर्ती निराळी. काम गुप्त, त्यामुळे घरी काही सांगायची सोय नाही. "तारांचं काम करतो" एवढंच ते म्हणायचे. झालं! बोरगावनं ठरवून टाकलं की अण्णा केबलवाले. रविवारी त्यांच्या कट्ट्यावर लोक सेट-टॉप बॉक्स घेऊन रांगेत उभे. आणि हा माणूस, ज्याच्या सहीशिवाय दिल्लीला जाणारा चाचणीचा एक आकडा पुढं सरकत नव्हता, तो निमूटपणे बायकांच्या मालिका चालू करून द्यायचा.

"सांगायचं की, मी तसला न्हवं म्हणून," मी म्हणाले.

"कशाला? मी तारांचंच काम करतोय म्हणून सांगितलंय. मग ते कराय नगो?"

हे अण्णांचं दुखणं होतं. तोंडातून गेलेला शब्द खोटा पडता कामा नये. आता हे ऐकायला थोर वाटतं, पण अशा माणसाबरोबर नोकरी करणं म्हणजे नशिबाचा फेरा. निपाणीचं आमचं ठाणं एका जुन्या तंबाखूच्या वखारीत होतं. तंबाखू जाऊन किती वर्षं झाली कोण जाणे, पण वास तसाच. आत गेलं की पहिल्यांदा शिंका, मग नमस्कार. गुप्तता राहावी म्हणून आमच्या मॅनेजर साहेबांनी बाहेर पाटी लावली, 'शेतकी माहिती केंद्र'. अण्णांचं डोकंच फिरलं. पण पाटी उतरवायचा हुकूम काही निघेना. मग त्यांनी काय करावं? दर मंगळवारी निपाणीला गेले की वखारीच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. शेतकरी येणारच की! कुणी करपलेलं पान घेऊन यायचं, कुणी लोकरी मावा लागलेला ऊस. अण्णा पान उलटंसुलटं करून औषध सांगायचे. आत राष्ट्राचं रडार, बाहेर लोकरी मावा.

"पाटी खोटी ठरली असती न्हवं?" असं वर आम्हालाच सुनावायचे. पुढं पुढं त्या केंद्राचं निपाणीत एवढं नाव झालं की चिक्कोडीकडून माणसं यायला लागली. मॅनेजर साहेबांच्या गुप्ततेचं असं भजं झालं.

कोगनोळीचा किस्सा तर मी स्वतः बघितलेला. कागलच्या ठाण्यावर नवीन यंत्र न्यायचं होतं, ज्याच्यातून शत्रूचं विमान निघणार ते. अण्णांनी खोक्यावर आपल्या हातानं ठळक मार्करनं लिहिलं होतं, 'शत्रूचं विमान'. मी म्हटलं, अण्णा, निदान नुसतं कंप्युटर लिहा. तर म्हणे, तीन खोकी सारखीच दिसत्यात, कुठलं कशाचं ते कळाय नगो? सीमेच्या नाक्यावर गाडी अडवली. कानडी पोलीस, चांगला थोराड. त्यानं खोक्यावर काठी टेकवून विचारलं, "इदेन्री?" हे काय आहे, म्हणून.

"विमान," अण्णा म्हणाले.

"यारदु?" कुणाचं?

"शत्रूचं."

मी डोळे मिटून घेतले. त्यापुढं गाडी बाजूला, खोकी खाली, कागद वर. अण्णा त्या पोलिसाला शांतपणे कानडीतून समजावत होते की शत्रू अजून यात यायचा आहे, तो आम्ही कागलला गेल्यावर घालणार. एकदा "कंप्युटर" म्हणाले असते तर पाच मिनिटांत सुटलो असतो. शेवटी खोकं उघडलं, तर आत यंत्राच्या शेजारी अण्णांचा डबा आणि शेंगदाण्याच्या चटणीची बाटली. त्या बाटलीनं आम्हाला सोडवलं. चटणी चाखून पोलीस म्हणाला, जा.

डब्यावरून आठवलं. अण्णा दिवस मावळल्यावर जेवत नसत. पाणी घेतलं तर घेतलं. आमच्या चाचण्यांची सगळी वेळापत्रकं या एका गोष्टीवर ठरायची. दिल्लीचे लोक कळवायचे, चाचणी संध्याकाळी उशिरापर्यंत चालेल. अण्णा उलट कळवायचे, युद्ध दिवस मावळायच्या आत आटपावं. कारण म्हणून लिहायचे, 'स्थानिक परिस्थिती'. गंमत म्हणजे तिन्ही ठाण्यांची घड्याळं एकमेकांशी तंतोतंत जुळलेली ठेवणं हेही यांचंच काम. रडारनं बघितलेलं आणि आम्ही ऐकलेलं यात पापणी लवण्याएवढाही फरक चालत नसे. तो त्यांनी कधी पडू दिला नाही. आणि स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ? ते बंद. "चालतंय की, दिवसातनं दोनदा बरोबर असतंय," म्हणायचे आणि सकाळी खुशाल तासभर उशिरा यायचे. त्यांना वेळ एकच ठाऊक होती, सूर्याची.

त्यांच्याविषयी प्रेमानं लिहितेय म्हणून कुणी त्यांना संत समजू नये. महाखाष्ट माणूस. चुकलं की सगळ्यांसमोर काढायचे. माझी कानडी ऐकून तर असं तोंड वाकडं करायचे की मी त्यांच्यासमोर कानडी बोलणंच सोडलं. आणि सगळ्यात वाईट खोड म्हणजे तारा उपटायची. आपण काम करत असावं आणि मागून जाता जाता अण्णा एक तार ओढायचे. का? तर बघायला.

"तुटल्यावर काय हुतंय ते बघितल्याशिवाय चालतंय म्हणू नगो," हे त्यांचं ब्रीद.

एकदा मॅनेजर साहेब मुख्य कचेरीशी व्हिडिओवर बोलत होते. साहेब पुण्याचे, टाय लावायचे, बोलणं एकदम गुळगुळीत. अण्णांनी हळूच त्यांची तार काढली. पलीकडचे सगळे चेहरे आहेत तिथं थिजले. साहेबांना पत्ताच नाही! ते हातवारे करकरून त्या थिजलेल्या चेहऱ्यांना बराच वेळ समजावत होते, आणि मधे मधे "बरोबर ना, सर?" असंही विचारत होते. काचेपलीकडे आम्ही तोंडात रुमाल कोंबून उभे. अण्णा मात्र हसले नाहीत. मला म्हणाले, "बघितलंस? पलीकडं कोण हाय का न्हाय ह्येचा ह्येंना फरकच पडत न्हाय." साहेब ते कधी विसरले नाहीत.

तारेला खरा शत्रू एकच, जेसीबी. हायवे रुंद करायचं काम चालू, आणि रोज कुणीतरी कुठंतरी खणतंय. शेजारच्या देशाच्या विमानाला आम्ही इतकं भीत नव्हतो जितकं त्या पिवळ्या हत्याराला. अण्णांनी त्यावर उपाय काढला होता. तवंदीच्या घाटापासून कोगनोळीपर्यंत जेवढे जेसीबीवाले, तेवढ्यांशी त्यांची ओळख. जाता-येता गाडी थांबवून त्यांना ताक पाजायचे, पोराबाळांची चौकशी करायचे आणि जमिनीत आमची तार कुठून जाते ते पायानं माती उकरून दाखवायचे. गुप्त तारेचा मार्ग दिल्लीत चारच माणसांना ठाऊक होता, आणि निपाणी रस्त्यावरच्या झाडून सगळ्या ड्रायव्हरांना. तरीसुद्धा अण्णा वर्षानुवर्षं दुसरा मार्ग मागत होते. एक तार तुटली तर डोंगरावरच्या टॉवरवरून बिनतारी जोडणी असावी. मॅनेजर साहेब दर वेळी म्हणायचे, "बघू या." एकदा ठणकावून "गरज नाही" म्हणाले.

हे सगळं सांगायचं कारण तो दिवस. त्या दिवसावर आमचं सगळ्यांचं पोट अवलंबून होतं. दिल्लीहून कर्नल साहेब आणि त्यांच्याबरोबर दोन शास्त्रज्ञ चाचणी बघायला येणार होते. त्यांनी मान डोलावली तर पुढची काही वर्षं काम आमच्याकडे. नाही डोलावली तर बेळगावचं ऑफिस आणि निपाणीची वखार दोन्हीला कुलूप. ज्याला जायचं त्यानं हैदराबादला जावं, बाकीच्यांनी घरी. निपाणीचा आमचा ऑपरेटर रावसाब बायको-पोरांना घेऊन कुठं जाणार होता? आणि माझं सांगायचं तर मी हैदराबाद सोडून आले होते ते वडिलांसाठी. वडगावला आमच्या घरात दोन पॉवरलूम, घरात आम्ही बापलेक दोघंच, आणि त्यांची नजर उतरलेली. माग सोडून ते यायला तयार नाहीत आणि मी त्यांना एकटं टाकायला. अण्णांची मुदतसुद्धा त्याच महिन्यात संपत होती.

त्या सकाळी मॅनेजर साहेबांनी अण्णांना पाहुण्यांना आणायला सांबऱ्याच्या विमानतळावर पाठवलं. अण्णा फुगून गेले. आम्हालाही वाटलं, मान दिला. जाताना साहेबांनी बजावलं, "अण्णा, आज कृपा करून भाजीबिजी नको. इंग्रजी यादी वाचायची, बस्स." अण्णा म्हणाले, "बरं." त्या 'बरं'तच मला धोका कळायला हवा होता.

दुपारनंतर इंग्रजी यादी वाचून झाली, हिरवे दिवे लागले आणि चाचणी सुरू झाली. मी कागलच्या पडद्यावर होते, निपाणीचा पडदा साहेबांनी स्वतःच्या माणसाकडे दिला होता. शत्रूचं विमान निघालं. निपाणीच्या रडारनं ते पकडलं. हिरवा ठिपका सरळ, सुरेख, दृष्ट लागावी असा चालला होता. पाहुणे खूश. साहेबांचा टाय हलत नव्हता. फक्त अण्णा खुर्चीत चुळबुळत होते. एकदा मांडी घातली, एकदा सोडली. मग राहवलंच नाही.

"निपाणी, भाजी कसली?"

स्पीकर गप्प.

"रावसाब! भाजी कसली रं?"

काही नाही. कर्नल साहेबांनी मान वळवली. मॅनेजर साहेब हसून इंग्रजीत म्हणाले, आवाजाची लाइन जरा बिघडली आहे, माहिती उत्तम येते आहे.

"आवाज आन् माहिती एकाच तारंतनं येतंय की," अण्णा मला म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि उठले. अनवाणीच. जिथं सगळ्या तारा येऊन मिळतात त्या कपाटाकडे चालायला लागले.

मला काय होणार ते कळलं. अण्णा, आज नको. आजचा एक दिवस नको. वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढं आला, देवाशप्पथ. मी अर्धवट उठलेसुद्धा. तेवढ्यात त्यांनी निपाणीची पिवळी तार ओढली आणि हातात धरून वळले.

ठिपका चालतच राहिला.

थांबला नाही, अडखळला नाही. एवढीशी पापणीसुद्धा लवली नाही त्याची. आणि कर्नल साहेबांनी टाळी वाजवली! "कमाल है! तार निकाल दी, फिर भी चल रहा है!" दोन्ही शास्त्रज्ञांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजर साहेबांचा गेलेला रंग परत आला आणि ते चपळाईनं पुढं झाले. "सर, दुसरा रास्ता है ना! यही तो हमारी खासियत है." वाचलो, वाचलो असं माझं मन नाचायला लागलं. काम मिळालं, वखार वाचली, अण्णांची मुदत वाढली. तीही त्यांच्याच त्या नतद्रष्ट खोडीमुळे! त्यांनी फक्त तार परत लावायची होती आणि गप्प बसायचं होतं.

अण्णा पडद्याकडे बघत उभे होते. इतका पडलेला चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता.

"सर," ते त्यांच्या बोरगावी हिंदीत म्हणाले, "दुसरा रास्ता मैंने मंगा था. मिल्या नहीं. रस्सी टूट गई और बाल्टी फिर भी ऊपर आती है, तो बाल्टी पहले से भर के रखी है."

टाळ्या थांबल्या. "मतलब?" कर्नल साहेबांनी विचारलं.

"ये कल का है, सर. निपाणी आज हैच नहीं."

झालं होतं ते असं. पहाटे निपाणीच्या फाट्यावर एका नवीन ड्रायव्हरच्या जेसीबीनं वखारीकडं वळणारी तार तोडली होती. नवीन होता, अण्णांचं ताक प्यायला नव्हता. साहेबांना कळलं, ते घाबरले आणि अण्णांना विमानतळावर पिटाळून मोकळे झाले. आदल्या दिवशीची रंगीत तालीम यंत्रात साठवलेली होतीच, तीच लावून दिली. कागलचं विमान रोज त्याच वाटेनं यायचं, त्यामुळे कालचं रडार आजच्या विमानाला अगदी बेतलेल्या सदऱ्यासारखं बसलं. रावसाबला फोन करायला मनाई केली होती, आणि आमचे मोबाइल तर गेटवर जमा. मला काही कळायचा मार्गच नव्हता.

साहेब काहीतरी बोलायला लागले, पाहुणे काहीतरी विचारायला लागले. अण्णांनी तार टेबलावर ठेवली, खिडकीतून बाहेर बघितलं, आणि हात धुवायला गेले. दिवस कलला होता. या एवढ्या प्रलयात हा माणूस कोपऱ्यात बसून डबा उघडून जेवायला लागला! साहेबांचा आवाज चढत होता, आणि इकडे भाकरी मोडल्याचा आवाज. थोड्या वेळानं कर्नल साहेब एकटेच त्यांच्याजवळ आले. उभ्या उभ्या डब्यात बघून म्हणाले, "आज सब्जी क्या है?"

"मेथी, सर."

कर्नल साहेबांनी मान हलवली आणि गाडीत जाऊन बसले.

पाहुण्यांची गाडी गेल्यावर मी अण्णांना फाडून खाल्लं. खोटं कशाला बोलू, वय-मान काही ठेवलं नाही. "एक दिवस गप्प बसला असता तर तुमचं काय बिघडलं असतं? रावसाबच्या पोरांना आता बोरगावला नेऊन सांभाळणार काय?"

ते डबा विसळत होते. म्हणाले, "ह्या पडद्याम्होरं उद्या कोण बसणार, सांग. तुझ्या वडगावातलंच एखादं पोर फौजेत गेलेलं असंल, ते बसंल. त्येला वाटंल, रडार बघाय लागलंय. आन् रडार कालचं बघतंय. मग?"

मी आणखी चिडले आणि स्कूटरला किक मारून निघून आले. घरी वडिलांना सगळं सांगितलं. माग चालूच होता, त्या खडखडाटात मला ओरडूनच सांगावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग बोटानं आडवा धागा तोडला. माग खाडकन थांबला.

"धागा तुटल्यावर माग थांबलाच पायजे की गं," ते म्हणाले. "न थांबता चालला, तर आत कापड हुतच न्हाय." आणि धागा जोडायला वाकले. हैदराबादचं नावसुद्धा त्यांनी काढलं नाही. मला मात्र रात्रभर तेच दिसत होतं.

पुढं जे झालं ते कंपनीच्या रीतीनंच झालं. कर्नल साहेबांनी आम्हाला नापास केलं नाही. पुन्हा चाचणी घ्या म्हणाले, पण दुसरा मार्ग आधी बसवा, आणि आमच्यासमोर कुणीतरी तार ओढून दाखवा. अण्णांनी वर्षानुवर्षं मागितलेला टॉवर महिन्याभरात डोंगरावर उभा राहिला. मॅनेजर साहेबांना बढती मिळून ते पुण्याला गेले. अण्णांची मुदत वाढवली नाही. पाहुण्यांसमोर शिस्तभंग, असं कारण. निरोपाला शाल, नारळ आणि कंपनीच्या नावाचं भिंतीवरचं घड्याळ. अण्णांनी ते उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, "ह्यात सेल घातलाय काय?" घातला नव्हता.

दुसऱ्या चाचणीला तेच कर्नल साहेब. नव्या मॅनेजरनी नवी इंग्रजी यादी हातात दिली. त्यात पहिलंच कलम होतं, प्रत्येक ठाण्यावरच्या माणसाला आयत्या वेळी एक असा प्रश्न विचारावा, ज्याचं उत्तर आधी लिहून ठेवता येणार नाही. कलम कुणाचं, ते कुठं लिहिलेलं नव्हतं. मी हेडफोन चढवला.

"निपाणी, भाजी कसली?"

रावसाबचा आवाज आला. "पावट्याची, आक्का."

विमान निघालं. ठिपका चालायला लागला. कर्नल साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी उठले, कपाटापाशी गेले आणि पिवळी तार ओढली.

ठिपका थांबला.

पडद्याच्या मधोमध, मेल्यासारखा. वडील, वखार, रावसाबची पोरं, सगळी त्या ठिपक्यात येऊन अडकली होती. आणि मग एकदम, बरंच पुढं जाऊन, तो पुन्हा दिसला आणि चालायला लागला. डोंगरावरचा टॉवर धावून आला होता.

या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कर्नल साहेब नुसते "ठीक है" म्हणाले आणि त्यांनी सही केली. जाताना विचारलं, "वो मेथीवाले साहब कहाँ हैं?" नवे मॅनेजर म्हणाले, "रिटायर हो गए, सर."

मी गेटवर जाऊन मोबाइल घेतला आणि तिथंच रस्त्यात उभी राहून बोरगावला फोन लावला. मागं कुणाच्या तरी मालिकेचं संगीत चाललं होतं, म्हणजे कट्ट्यावर सेट-टॉप बॉक्स आलेला होता.

"अण्णा, मी बोलतेय. झाली चाचणी."

"भाजी कसली हुती?"

"पावटा."

"आन् तार? वढलीस?"

"मीच ओढली."

"थांबलं का मधी?"

"थांबलं अण्णा."

"भ्या वाटलं?"

मला रडूच आलं. रस्त्यावर माणसं बघत होती तरी आलं. "लई," मी म्हणाले. "लई भ्या वाटलं."

"मग ते आजचंच हुतं," अण्णा म्हणाले. "ठेव आता. दिवस मावळाय लागलाय, हिनं ताट वाढलंय."